साठ गुणांची वाटणी

गटकार्य हा शब्द कानावर पडला की माझं डोकं आजही फिरतं. निवृत्त झाल्यापासून मी शिक्षकांना हेच शिकवत हिंडते, वर्गात मुलांचे गट करून काम कसं घ्यायचं ते, आणि तरीही फिरतं. गेल्याच महिन्यात काशीगावच्या बाजूला एका शाळेत गेले होते. तिथल्या तरुण बाईंनी मोठ्या हौसेने भिंतीवरचे चार्ट दाखवले. खाली चार-चार, पाच-पाच नावं, आणि वर सगळीकडे एकाच मुलीचं टपोरं अक्षर. मी कोपऱ्यातल्या एका मुलाला विचारलं, "तू ह्यात काय केलंस रे?" तो म्हणाला, "मैं गम लाया." बाई कौतुकाने हसल्या. मी त्यांना जे बोलले ते जरा जास्तच झालं, हे मला परतीच्या रिक्षात कळलं. त्या बिचारीचा काय दोष? माझा राग फार जुना होता, आणि त्यातला निम्मा तर माझ्यावरचाच होता. तो कुठून आला ते आता एकदाचं लिहून टाकते.

आम्ही गिरगावातल्या एका खोलीतून भाईंदर पूर्वेला राहायला आलो तेव्हा मी सातवीत होते. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, घरातला संडास. बाबांना वाटलं स्वर्ग मिळाला. आईला मात्र वाटलं तिला वनवासात धाडलंय. पाणी एक दिवसाआड यायचं आणि तेही त्याच्या मर्जीने. पाणी आलं की शेजारच्या हंसाबेन जिन्यातून ओरडायच्या, "शुभा की मम्मी, पानी आया, जल्दी!" आणि मग सगळ्या इमारतीत पिंपं सरकवल्याचा, कळश्या आपटल्याचा जो काही आवाज उठायचा, त्यात रेडिओवरच्या बातम्या बुडून जायच्या. आई पदर खोचून पाणी भरायची आणि भरता भरता म्हणायची, "गिरगावात आम्ही असे दिवस काढले नाहीत." गिरगावात ती तळमजल्यावरून कळश्या वाहायची हे मला आठवत होतं, पण बोलायची सोय नव्हती. संध्याकाळी ती मोड आलेले वाल सोलत बसायची. तिच्या हातच्या बिरड्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे, आणि ते सोलताना ती जे जे बोलायची तेही माझ्या कानात अजून आहे. तिचं सगळं बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचं: शुभाचा पहिला नंबर. मुंबई सुटली, माणसं सुटली, पण पोरीचा पहिला नंबर काही सुटला नाही, हे ती हंसाबेनना तिच्या मोडक्या हिंदीत दर आठवड्याला सांगायची. त्या नंबराचं ओझं माझ्या पाठीवर होतं असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे मला ते ओझं फार आवडायचं.

वनिता माझ्या वर्गात होती. खारी गावातली. आता खारी शोधायला गेलात तर इमारतींच्या मधल्या दोन गल्ल्या सापडतील, पण तेव्हा ते चांगलं गाव होतं. आमच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर, अंगणात सुकत घातलेला जवळा, चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या. तिच्या वडिलांचं खाडीकडे मिठागर होतं. पूर्वी भातशेतीही होती, ती गेली होती. मिठागराचाही एक शेवटचा तुकडा उरला होता. वनिता हुशार होती की नाही हे वर्गात कोणालाच माहीत नव्हतं, कारण ती बोलायचीच नाही. मी शाळेत यायच्या आधी, पाचवीत, ती एकदा "मना ठाव हाय" म्हणाली होती आणि अख्खा वर्ग, गुरुजींसकट, खो खो हसला होता. तेव्हापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच. पण माझ्याशी ती घरी जाताना बोलायची. दहावी झाली की टेलिफोनच्या ऑफिसात लागायचं, असं तिचं पक्कं ठरलेलं होतं. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, नववी एका दमात पास झालीस तर पुढे शिकवीन, नापास झालीस तर दुसऱ्यांदा बसवणार नाही. मोठ्या बहिणीच्या बाबतीत त्याने तेच केलं होतं, आणि ती बहीण आता कडेवर मूल घेऊन माहेरपणाला यायची.

आणि आमच्या शाळेत नववी ही चाळण होती. दहावीचा निकाल फळ्यावर लिहून फाटकाबाहेर लावायचा, तर तो चांगलाच लागला पाहिजे; मग जी पोरं दहावीत गटांगळ्या खातील असं वाटे त्यांना नववीतच अडवायचं. कोणी उघड बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांना शिकवून निकाल वाढवण्यापेक्षा मुलं कमी करून वाढवणं सोपं, हा धंदा मी पुढे नोकरीतही पाहिला आणि त्यावर भांडून माझ्या दोन बदल्या झाल्या.

आम्ही नववीत गेलो त्या वर्षी विज्ञानाच्या सरांनी प्रकल्प काढला. सरांचं नाव लिहीत नाही, त्यांची मुलं इथेच राहतात. विषय होता आपल्या परिसरातला एक उद्योग. सर वर्गात आले, खडू हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रत्येक गटात एक हुशार, दोन मध्यम, एक ढ." आणि त्याच क्रमाने नावं वाचली. आमच्या गटात मी, जिग्नेश, सुहास आणि शेवटी वनिता. म्हणजे कोण काय आहे ते तिथेच ठरलं. मी गटप्रमुख. "एकत्र बसा, एकत्र करा, भांडू नका," एवढं सांगून सरांनी पेपर उघडला. झालं त्यांचं गटकार्य! चार पोरांना एका बाकाभोवती बसवलं की ती आपोआप एकमेकांना शिकवतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या बाकावर येऊन बसायला हवं होतं. जिग्नेश क्रिकेटचा स्कोअर सांगत होता. सुहास वहीच्या मागे विमान काढत होता. मी एकटीच लिहीत होते आणि वनिता मी काय लिहिते ते बघत होती.

मी आता शिक्षकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते. एकच कायमचा गटप्रमुख नेमू नका, कामं फिरती ठेवा. माहितीचे चार तुकडे करा आणि एकेकाला एकेक द्या, म्हणजे दुसऱ्याला विचारल्याशिवाय कोणाचं भागणार नाही. शेवटी प्रश्न कोणालाही विचारा, आणि कोणाला विचारणार ते आधी सांगू नका. मुलं कामाला लागली की खुर्चीत बसू नका, फिरा, कान द्या, जे मूल गप्प आहे त्याच्यापाशी जाऊन थांबा. मग एखादे गुरुजी हात वर करून म्हणतात, "मॅडम, वर्गात पन्नास मुलं आहेत, कसं जमणार?" तेव्हा माझा पारा चढतो. पन्नास आहेत म्हणून तर सांगतेय ना! पन्नासांपैकी दहांनी करायचं आणि चाळिसांनी बघायचं, याला शाळा म्हणतात का?

मिठाचा विषय मला वनितानेच सुचवला. रविवारी ती आम्हा तिघांना आगरात घेऊन गेली. तिच्या वडिलांनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं ते लाकडी दार, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी कसं उन्हाने आटत आटत घट्ट होत जातं ते, लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून काढायचं ते. त्यांचं बोलणं मला निम्मंच कळायचं. वनिता शेजारी उभी राहून ते मला शाळेच्या भाषेत सांगायची, आणि मी वहीत उतरवून घ्यायची. त्या दिवशी ती एवढी बोलली, एवढी बोलली, की जिग्नेशसुद्धा म्हणाला, "अरे, इसको तो सब आता है!" दुपारी तिच्या आईने आम्हाला भाकरी आणि जवळ्याचं सुकं वाढलं. सुहासने नाक मुरडलं. मी दोनदा मागून घेतलं.

चार्ट आमच्या घरी करायचा ठरला, कारण आमच्याकडे टेबल होतं. आईने सगळ्यांना पोहे दिले. जिग्नेशने त्याच्या पप्पांच्या दुकानातून कागद आणि रंगीत पेनं आणली होती. वनिता वाटीभर मोठे मिठाचे खडे आणि वाफ्याचा पुठ्ठ्याचा नमुना घेऊन आली; तो तिने घरी रात्री बसून केला होता, लाकडी दारासकट. तिने पेन उचललं तशी आईने मला आत बोलावलं. "तिला कागदाला हात लावू देऊ नकोस. हात बघितलेस का तिचे? डाग पडतील." वनिताच्या हातांना मिठाने भेगा पडलेल्या होत्या. मी बाहेर आले आणि तिच्या हातातून पेन घेत म्हणाले, "तू सांग, मी लिहिते. माझं अक्षर बरं आहे." ती सांगत गेली, मी लिहीत गेले. याला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात, आणि त्या मी अतिशय सुबक ओढल्या. आई माझी होती, मी तिच्यावर फार रागावू शकत नाही. पण आईने सांगितलं म्हणून मी पेन काढून घेतलं, हे खोटं आहे. त्या चार्टवर दुसरं अक्षर नकोच होतं मला.

सादरीकरणाला दुसऱ्या शाळेतले एक पाहुणे सर आले होते. बोलायचं फक्त गटप्रमुखाने, असा आमच्या सरांचा नियम. मी पोपटासारखं घडाघडा बोलले. पाहुण्यांनी मिठाचा खडा उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, "खाली तर सगळा चिखल. मग मीठ एवढं पांढरं कसं निघतं?" माझ्या वहीत हे नव्हतं. माझ्या मागून वनिता हळूच म्हणाली, "पाय मारतात. पाऊस गेला का तलाचा चिखल तुडवून तुडवून लादीवानी घट्ट करतात. मंग तो मिठात न्हाय येत." मी ते शब्द सरळ केले आणि मोठ्याने म्हटलं, "सर, पावसाळा संपल्यावर वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून फरशीसारखा घट्ट करतात, त्यामुळे चिखल मिठात मिसळत नाही." पाहुणे खूश! आमच्या सरांना म्हणाले, "ही मुलगी नुसतं पाठ करून आलेली नाही." सरांनी ऐकलं होतं. ते दोन हातांच्या अंतरावर उभे होते, त्यांनी वनिताचं बोलणं ऐकलं नसेल हे मी मरेपर्यंत मानणार नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मागे वळून पाहिलं तर वनिता हसत होती. तिला वाटलं, आपण जिंकलो.

मग सरांनी सगळ्या गटप्रमुखांना शिक्षकखोलीत बोलावलं आणि हातात एकेक कागद दिला. तीन रकाने: नाव, काम, गुण. "तुमच्या गटाला मिळून साठ, एकाला जास्तीत जास्त वीस. ज्याने जसं काम केलं तसे वाटा. कोणाला दाखवायचं नाही." वीसपैकी मी स्वतःला वीस लिहिले. जिग्नेशला सतरा, कारण तो घरी जाऊन पप्पांना सांगेल. सुहासला सतरा, कारण तो वर्गात बोंब मारेल. उरले सहा. वनिताच्या नावापुढे मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'साहित्य आणणे', आणि पुढे सहाचा आकडा. ती भांडणार नाही हे मला माहीत होतं, याखेरीज त्या आकड्याला दुसरं काहीही कारण नव्हतं. चौदा वर्षांच्या पोरींच्या हातात दुसऱ्यांचं भवितव्य देऊन सर चहा प्यायला गेले! शिकवायचं काम त्यांनी आमच्यावर टाकलं होतंच, आता मूल्यमापनही टाकलं. आणि मी ते काय चोख बजावलं!

वार्षिक परीक्षा झाली. निकालाच्या दोन दिवस आधी वनिता मला रस्त्यात भेटली. शाळेचे शिपाईकाका खारीतलेच. त्यांनी तिला सांगितलं होतं की ती विज्ञानात पाच गुणांनी जातेय, बाकी सगळ्यात सुटली आहे. तिचा चेहरा उतरला होता. "प्रकल्पात सा दिलेत सरांनी," ती म्हणाली. "सरांना काय दिसलाच न्हाय गं?" मी म्हणाले, "मी बोलते सरांशी." ती माझ्याकडे अशा विश्वासाने बघत राहिली की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी खरंच गेले सरांकडे. एवढं एक माझ्या बाजूने लिहून घ्या. म्हणाले, "सर, वनिताने खूप काम केलंय, माझी लिहिताना चूक झाली." सरांनी कपाटातून कागद काढून माझ्यापुढे धरला. "तुझंच अक्षर ना? मग आता काय?" सर चिडले नाहीत, उलट त्यांना गंमत वाटत असावी. म्हणाले, "हे बघ, गटाची बेरीज साठच राहणार. तिला पाच द्यायचे तर कोणाचे तरी कापावे लागतील. त्या दोघांचे कापले तर त्यांचे वडील येऊन बसतील इथे. तुझे कापू? तुझ्यात आणि दुसऱ्या नंबरात तीनच गुणांचा फरक आहे. बघ बाई." त्यांनी कागद परत कपाटात ठेवला. "उद्या सकाळपर्यंत सांग. मग निकालपत्रक हेडसरांकडे जातंय."

आता विचार केला की अंगाचा तिळपापड होतो. पाहिलं होतं त्यांनी सगळं, ऐकलं होतं. एक रेघ ओढून ते स्वतः दुरुस्त करू शकले असते. गुणांची बेरीज काही आभाळातून पडलेली नव्हती. पण त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं, आणि मी काय केलं? मी म्हणाले, "घरी विचारून सांगते, सर."

आई वाल सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, कागद, सहा गुण, सरांचं बोलणं. आईचा हात थांबला नाही. "म्हणजे तुझा पहिला नंबर जाणार? त्या खारीतल्या मुलीसाठी?" मी म्हणाले, "ती नापास होतेय, आई. तिचे वडील तिला घरी बसवतील." आई म्हणाली, "मग तिने अभ्यास करायला हवा होता. आपण काय गावाचा मक्ता घेतलाय? नाही म्हणून सांग सरांना." मी उठले आणि आत गेले. मला रडू आलं नाही. मला हायसं वाटलं. आईने नाही म्हणावं म्हणूनच मी तिला विचारायला आले होते. हो म्हणायचं असतं तर मी सरांना तिथल्या तिथे म्हटलं असतं. पुढे कित्येक वर्षं मी हे सगळं आईच्या माथी मारलं. तिच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा मी एकदा तिला ते बोलून दाखवलं. तिला काहीच आठवत नव्हतं. "कोण वनिता?" असं तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पटांगणात भेटले. भुवया उंचावून बघितलं त्यांनी माझ्याकडे. मी म्हणाले, "राहू दे, सर." ते "बरं" म्हणाले आणि पुढे गेले.

निकालाच्या दिवशी माझं नाव पहिलं वाचलं गेलं, टाळ्या वाजल्या. वनिता तिच्या वडिलांबरोबर आली होती. ते धुतलेला शर्ट घालून, टोपी हातात धरून शिक्षकखोलीच्या दाराशी उभे होते. आत सर त्यांना काहीतरी समजावून सांगत होते, आणि ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मी गर्दीतून हळूच फाटकाकडे निघाले होते, तोच त्यांनी मला पाहिलं आणि हाक मारली. "बाय, थांब जरा." मला वाटलं, सरांनी तो कागद दाखवला. आता हा माणूस सगळ्यांसमोर मला विचारणार, आणि विचारू दे, एकदाचं विचारू दे, असंही वाटलं.

ते जवळ आले. वनिता त्यांच्या मागे, खाली बघत उभी होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सरांनी सांगला मना," ते म्हणाले. "गटाचा सगला काम तू एकटीनीच केलास. तू व्हतीस म्हून माजे पोरीला सा तरी गुन भेटलं. न्हाय तर तेवरं पन भेटलं नसतं. लय उपकार झालं, बाय."

वनिताने मान वर केली. तिने माझ्याकडे बघितलं आणि वाट पाहिली. मी काय म्हणते याची.

मी म्हणाले, "असू दे, काका."